खुर्ची, नाना आणि बुडालेला इसार

डिसेंबरातली गोष्ट आहे पण अजून कुणी विषय काढला की कान गरम होतात माझे. एक लाख चौदा हजाराची मसाज चेअर घेतली मी. जळगावात, वन बीएचके फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, डाळ मिलमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या माणसानं. आणि मग ती परत केली, म्हणजे घरी येऊच दिली नाही, त्यातले बहुतेक पैसे परत मिळाले, सगळे नाही मिळाले, आणि जे मिळाले ते कसे मिळाले ते लिहून ठेवतो कारण ऑफिसातल्या दोघातिघांनी विचारलं की "सर तुम्ही ते कसं केलं" आणि दर वेळी तीच स्टोरी सांगून मी कंटाळलो.

तर त्या रविवारी दुपारी असोद्याला मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. खान्देशातल्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो की थंडी पडली की आमच्याकडे भरीत पार्ट्यांचा सीझन सुरू होतो, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या, सोबत कळण्याच्या पुऱ्या, आणि मोजायचं नाही. इथल्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, केळीलाही त्याच वर्षी, पण वांग्याला टॅग नसता तरी मी तेवढंच खाल्लं असतं. मुद्दा असा की संध्याकाळी पोट तट्ट, डोळे जड, पाठ नेहमीप्रमाणे दुखतेय, आणि बायको म्हणाली शिवतीर्थ मैदानावर प्रदर्शन लागलंय, चला, मला किसणी घ्यायचीय.

किसणी. हा शब्द लक्षात ठेवा.

प्रदर्शनात ती आणि पोरगा भांड्यांच्या स्टॉलवर थांबले आणि मी पुढं चालत गेलो. एका स्टॉलवर तीन काळ्या खुर्च्या. एक पोरगा, बावीस-तेवीसचा असेल, इस्त्रीचा शर्ट, म्हणाला "सर बसून तर बघा, बसायचे पैसे नाहीत." आणि मी बसलो. आता काय सांगू तुम्हाला, त्यानं बटण दाबलं, खुर्ची मागं कलली, पाय वर गेले, पोटऱ्यांना दोन्हीकडनं हवेच्या पिशव्यांनी धरलं, पाठीतून दोन गोळे वर सरकत मानेपर्यंत गेले आणि बरोबर जिथं दुखतं तिथं थांबले. वर्षभर मी ज्या जागेसाठी बायकोला "थोडं डावीकडं, नाही नाही खाली" करत होतो ती जागा त्या मशीनला न सांगता कळली. मी झोपलो. खरोखर झोपलो. त्या पोरानं उठवलं नाही, नंतर कळलं की पंधरा मिनिटांचं डेमो असतं आणि त्यानं मला दोन राउंड दिले.

उठलो तेव्हा मी माणूस म्हणून फार उदार झालो होतो. तो म्हणाला एमआरपी दोन लाख दहा, प्रदर्शनात एक लाख चौदा, आज रात्रीपर्यंतच. मी इतकी वर्षं हिशोब लिहितोय, "आज रात्रीपर्यंतच"चा अर्थ मला माहीत आहे. पण भरीत, झोप आणि पाठ. अठरा हजार यूपीआयनं बुकिंग, बाकी शहाण्णव हजाराचं लोन, आठ हजाराचे बारा हप्ते, "नो कॉस्ट सर". स्टॉलवरच फायनान्सवाला बसलेला, माझं आधार-पॅन, एक सेल्फी, दोन ओटीपी, दहा मिनिटं. साधं रेशन कार्डात नाव चढवायला मला किती चकरा झाल्या होत्या आणि इथं दहा मिनिटांत माझ्या डोक्यावर शहाण्णव हजार.

बायको आली. तिनं किसणी तीनशेची अडीचशेला घेतली होती, वीस मिनिटं घासाघीस करून, आणि खूश होती. म्हणाली "पन्नास वाचवले." मी ऑर्डर फॉर्मची घडी खिशात घातली. गाडीत सांगितलं तिला. ती काहीच बोलली नाही, मेहरूणपर्यंत काहीच नाही, फक्त किसणीची पिशवी मांडीवरनं खाली पायाजवळ ठेवली.

रात्री तीनला जाग आली. पश्चात्ताप हा फार मोठा शब्द झाला, मला ॲसिडिटीच वाटली आधी. मग हॉलमध्ये जाऊन लॅपटॉप उघडला आणि जे काम मी दुसऱ्यांसाठी पगार घेऊन करतो ते पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. बुकिंग १८,०००. प्रोसेसिंग फी १,४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७६९. आणि एक "प्रोटेक्शन प्लॅन" २,४९९, हा कधी घेतला मला आठवतच नव्हता, दोन ओटीपीतला एक बहुतेक त्याचा होता. म्हणजे एका संध्याकाळी २२,२६८ खात्यातून गेलेले आणि वर्षभर महिन्याला आठ हजार जाणार. पोराची शाळेची फी एप्रिलमध्ये. गाडीचा इन्शुरन्स फेब्रुवारीत. आणि ते "नो कॉस्ट"... रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ लाच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठंतरी लपवलेलंच असतं, फीमध्ये नाहीतर किमतीत. हे मी स्वतः दिवाळीत साडूला ऐकवलं होतं, तो टीव्ही घेत होता तेव्हा. नंतर कळलं की रोखीनं घेतली असती तर तीच खुर्ची एक लाख सहाला होती.

पाच वाजता मी टेप घेऊन हॉल मोजत होतो. खुर्ची पूर्ण मागं केली की पावणेसहा फूट लागतात, भिंतीपासनं अंतर वेगळं. आणि हॉलमध्ये त्या जागेवर नानांची बाज आहे. नाना म्हणजे वडील, अमळनेर तालुक्यातल्या गावी असतात, थंडीत दोन महिने आमच्याकडे, आणि गावाकडनं येताना टेम्पोत टाकून आणलेली ती सुताच्या पट्टीची बाज, पलंगावर त्यांना झोप येत नाही. ते अर्थात जागेच होते. पांघरुणातूनच अहिराणीत म्हणाले,

"सकाय सकाय काय मोजी ऱ्हायना रे?"

सांगितलं. लपवून काय करणार. त्यांनी आधी विचारलं "कितलाले लिधी?" मग आकडा ऐकून गप्प. मग म्हणाले, "मंग मनी बाज कोठे ठेवशी?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी खुर्ची परत करायची हे ठरलं, एक्सेलनं नाही ठरलं. पण मी म्हंटलं नाना, फॉर्मवर सही झालीय, पैसे गेलेत. त्यावर ते उठून बसले, टोपी शोधली, आणि जे विचारलं ते मला वकिलानंसुद्धा इतकं नेमकं विचारलं नाही.

"इसार दिधा का पुरा पैसा दिधात? माल घर उना का?"

म्हंटलं नुसता इसार, म्हणजे बयाणा, अठरा हजार दिलाय, माल बुधवारी निघणार नाशिकहून.

"मंग सौदा आजून तुना हातमा शे. इसार बुडी. बुडू दे."

आणि मग त्यांनी ती घोडीची गोष्ट सांगितली जी मला चाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. मी चौथीत असताना नाना सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. तापीकाठी दत्तजयंतीला भरते ती, एकमुखी दत्ताची, आणि घोड्यांचा बाजार देशभर प्रसिद्ध, पंजाब-राजस्थानहून घोडे येतात. नाना गेले होते दर्शनाला. आणि एका पांढऱ्या घोडीवर मन बसलं. रुमालाखाली बोटं धरून भाव झाला, अकराशे रुपये इसार दिला, तेव्हाचे अकराशे, आणि रात्री नदीकाठी झोपले तर झोप येईना. ज्वारी किती, कडबा किती, आईला काय सांगू. सकाळी उजाडायच्या आत त्या व्यापाऱ्याकडे गेले आणि म्हणाले भाऊ माझी चूक झाली, घोडी नको, इसार ठेव. तो काही बोलला नाही म्हणे. चहा पाजला आणि अकराशेतले पाचशे परत हातात ठेवले. आईला हे कधीच कळलं नाही. "घोडी घर उनी आस्ती ते मंग काय बी करता येत नव्हतं," नाना म्हणाले, "चाराच टाकत बसना पडता."

मला हसू येत होतं आणि रडूपण. आमच्या घराण्यात डिसेंबर वाईट आहे असं दिसतंय.

आता मधला दीड दिवस, हा थोडा टेक्निकल आहे पण ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. सोमवारी सकाळी मी पहिला फोन वकील मित्राला लावला, कोर्टात प्रॅक्टिस करतो. माझ्या डोक्यात होतं की ग्राहक कायदा आहे, २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू, वस्तू परत घ्यायला नकार दिला की अनुचित व्यापार प्रथा, तीस दिवस वगैरे. तो म्हणाला पूर्ण वाच भाऊ, तिथं "सदोष" असं लिहिलंय. सदोष माल परत घ्यायला नकार दिला, बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, तर ती अनुचित प्रथा. "तुझ्या खुर्चीत काय दोष आहे?" म्हंटलं काहीच नाही, फार चांगली आहे. "मग तक्रारीत काय लिहू, दोष ग्राहकात आहे?"

म्हणजे आपल्याकडे मन बदललं म्हणून माल परत करायचा सरसकट हक्क कायद्यात नाहीये. ऑनलाइन खरेदीनं आपल्याला सवय लागलीय, सात दिवस, दहा दिवस, बटण दाबलं की माणूस येऊन घेऊन जातो, पण ती त्या कंपनीची पॉलिसी असते, कायदा एवढंच म्हणतो की पॉलिसी काय आहे ते आधी नीट दाखवा. दुकानात, प्रदर्शनात तेही नाही. माझ्या फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं होतं, बुकिंग रक्कम परत मिळणार नाही, आणि खाली माझी सही, बऱ्यापैकी लफ्फेदार सही, झोपेतून उठून केलेली. म्हणून मी ते १९१५ वाल्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावायची धमकी वगैरे दिली नाही. जिथं खरंच फसवणूक झालीय तिथं लावा, जरूर लावा, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी पण लागत नाही. पण माझी केस तशी नव्हती. मला कुणी फसवलं नव्हतं. मला भरितानं फसवलं.

दुसरी बाजू लोनची. लोनच्या पीडीएफमध्ये "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचं एक पान असतं, लोनच्या मुख्य अटींचं, कुणी वाचत नाही, मी पण नव्हतं वाचलं. त्यात एक ओळ सापडली, कूलिंग ऑफ पीरियड, ३ दिवस. डिजिटल लोनसाठी रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये हे आणलं, की एवढ्या दिवसांत ग्राहकाला लोनमधून बाहेर पडायचं असेल तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन पडता येतं, दंड नाही. वाचून मी उडालोच. मग दोन मिनिटांनी खाली आलो, कारण मुद्दल देऊन. म्हणजे लोन रद्द होईल पण शहाण्णव हजार दुकानदाराला गेलेले असतील तर ते मलाच भरावे लागणार. लोन रद्द झालं म्हणजे खरेदी रद्द झाली असं नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथंच खूप लोक फसतात असं मला वाटतं.

पण माझ्या ॲपमध्ये दिसत होतं, "ॲप्रूव्ह्ड, डिस्बर्समेंट पेंडिंग". म्हणजे फायनान्सवाल्यांनी पैसे अजून सोडलेच नव्हते, कारण टॅक्स इन्व्हॉइस नव्हतं झालेलं. माझ्याकडे होता तो नुसता ऑर्डर फॉर्म. माल गोडाऊनमधून निघताना इन्व्हॉइस फाटणार, ते अपलोड होणार, मग पैसे सुटणार. म्हणजे बुधवार सकाळ ही माझी डेडलाइन. नानांनी अंथरुणात बसून जे सांगितलं होतं, माल घरी आला का, त्याचं हे भाषांतर.

कस्टमर केअरला फोन केला, चाळीस मिनिटं गाणं ऐकलं, ते म्हणाले डीलरनं त्याच्या पोर्टलवरून रद्द करायला पाहिजे. डीलरच्या नंबरवर फोन केला तर मॅनेजर म्हणाला फायनान्सवाले रद्द करतात, आमच्या हातात नाही. मी दोघांना मेल टाकला, एकच मेल, दोघेही सोबत, की मला ही खरेदी नको आहे, इन्व्हॉइस बनवू नका, पैसे सोडू नका, वेळ सकाळी ११.२०. ह्या मेलला कुणी उत्तर दिलं नाही पण पुढं तो फार कामाला आला, कारण बुधवारी कुणाला "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता आलं नसतं.

आणि संध्याकाळी मी स्टॉलवर गेलो. वाटेत मी खोटं तयार करत होतो. डॉक्टरनं मसाज नको म्हणून सांगितलंय. बदली झालीय. बायको निघताना म्हणाली होती, "खोटं बोलू नका, तुम्हाला येत नाही, कान लाल होतात." मला खरं तर लाज कसली वाटत होती सांगू का, पैसे परत मागायची नाही, तर त्या पोराची. आपल्याकडे दुकानात घेतलेली वस्तू परत न्यायची म्हणजे कसं ओशाळवाणं वाटतं, साडीचा रंग बदलायला आई मला पाठवायची तर मी दुकानासमोरनं तीनदा चकरा मारायचो. आणि हा पोरगा तर मला दोन राउंड झोपू दिलेला.

त्यानं लांबूनच ओळखलं. "सर, पुन्हा बसता का?" म्हंटलं नाही रे, बसायला नाही आलो. मग सांगितलं सरळ, की झोपेत घेतली, परवडत नाही, घरात जागा नाही, वडिलांची बाज काढावी लागेल. त्याचा चेहरा पडला. तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं, पण तो म्हणाला, "सर कालचा एकच पीस झाला होता, त्याच्यावर माझं इन्सेंटिव्ह होतं." मी किती विचारलं. सांगितलं नाही त्यानं. म्हणाला मालक उद्या येतील नाशिकहून, त्यांच्याशी बोला, पण रिफंड आमच्यात नाहीच आहे सर, पॉलिसी आहे. आणि चहा सांगितला माझ्यासाठी. मी प्यायलो तो चहा, फार गोड होता, आणि मला गिळवत नव्हता.

मंगळवारी मालक. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, खुर्च्यांच्या आधी सोफ्याचा धंदा होता म्हणे. मॅनेजर बाजूला. मी तोंड उघडलं, "रिफंड पाहिजे," आणि मॅनेजरनं फॉर्म उलटा करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मालकानं मान हलवली. मॅनेजर पुढं म्हणाला, "आणि सर, तुमच्या बुकिंगवर जीएसटी भरला गेलाय, तो कोण देणार?"

इथं मात्र माझ्यातला अकाउंटंट दोन दिवसांनी जागा झाला. म्हंटलं दादा, मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी नोव्हेंबर २०१७ पासून भरावाच लागत नाही. सर्व्हिसला लागतो. मालाला इन्व्हॉइस झाल्यावर. तुमचं इन्व्हॉइस अजून झालेलं नाही. उद्या झालं तर परत करताना तुम्हाला क्रेडिट नोट, म्हणजे बिल उलटं फिरवायचा कागद, काढावी लागेल, रिटर्नमध्ये दाखवावी लागेल, फायनान्सवाल्यांचे आलेले पैसे उलटे पाठवावे लागतील. आज केलं तर एक फॉर्म फाडायचा, बस. मी भांडत नव्हतो, खरंच, ऑफिसात शेठला समजावतो त्या आवाजात बोललो. मॅनेजर गप्प. मालक माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघायला लागला. "तुम्ही काय करता?" सांगितलं. "कुठल्या मिलमध्ये?" सांगितलं. तूर कशी येतेय यंदा, त्यावर पाच मिनिटं गेली.

आणि मग मी रिफंड हा शब्द सोडून दिला. म्हंटलं, शेठ, माझी चूक झाली. माल घरी आला नाही. इसारातले तुम्हाला वाजवी वाटतील तेवढे ठेवा, बाकी द्या.

काय बदललं ते मला नीट सांगता येणार नाही. रिफंड म्हंटलं की त्यांना पॉलिसी आठवते, फॉर्म आठवतो, हेड ऑफिस आठवतं. इसार म्हंटल्यावर तो माणूस हसला. म्हणाला "हा शब्द माझे वडील वापरायचे, येवल्याच्या बाजारात." मग पाच हजार म्हणाला. मी एक हजार म्हंटलं. मला वाटतं त्याला घासाघीस केल्याशिवाय बरं वाटलं नसतं, आणि मलाही नाही. दोन हजारावर थांबलो. बायको असती तर दीड हजारावर आणलं असतं, ती किसणीवाली आहे, पण मी नाही ताणलं, कारण कायद्यानं तो अठराच्या अठरा ठेवून बसला असता तर मी फार काही करू शकलो नसतो, आणि आम्हा दोघांना ते माहीत होतं.

एक काम मी केलं जे तुम्हीही करा. तिथंच ऑर्डर फॉर्मवर "रद्द, १६,००० परत देणे" असं लिहून घेतलं, शिक्का, सही, तारीख. आणि पोर्टलवरून लोन रद्द केल्याचा मेसेज माझ्या फोनवर येईपर्यंत खुर्चीवरनं, साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवरनं, उठलो नाही. दहा हजार यूपीआयनं लगेच आले. सहा हजार "शनिवारी देतो". आता प्रदर्शन रविवारी उठणार, सोमवारी तिथं नुसतं मैदान आणि चहाचे कप, हे मला दिसत होतं, म्हणून शनिवारी रात्री साडेनऊला मी जाऊन उभा राहिलो. काही न बोलता दिले. म्हणजे द्यायचेच होते बहुतेक, मीच उगाच.

बाकीचं पटकन सांगतो. प्रोटेक्शन प्लॅनचे २,४९९ चार फोन करून अकरा दिवसांनी आले. प्रोसेसिंग फीचे १,७६९ गेले ते गेले, ती परत मिळणार नाही असं त्या स्टेटमेंटच्या पानावर लिहिलेलंच होतं. लोन रद्द झाल्याचं पत्र मेलवर मागून घेतलं. ऑटो डेबिटचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ते कापायची परवानगी, मात्र आपोआप गेलं नव्हतं, ते बँकेच्या ॲपमध्ये शोधून मी बंद केलं, हे अजिबात विसरू नका. आणि महिन्याभरानं क्रेडिट रिपोर्ट काढला, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक फुकट मिळतो, ही माहिती २०२५ च्या जानेवारीपासून पंधरा दिवसांनी अपडेट व्हायला लागली होती. लोन नाहीये त्यात. पण चौकशीची एक ओळ आहे, त्या रविवारच्या तारखेची, ती राहणार. एकूण ३,७६९ रुपये बुडाले. मी ते एक्सेलमध्ये "इसार" ह्या हेडखाली टाकलेत.

पाठ दुखतेच. फिजिओकडे जातोय, तो म्हणाला तुमची ऑफिसची खुर्ची बदला, ती साडेचार हजाराची आहे, मी पंधरा दिवस विचार केला आणि अजून घेतली नाही. घरी पोरगा पाठीवर चालतो, नानांच्या सांगण्यावरून, भिंतीला धरून, आणि नाना बाजेवरनं डायरेक्शन देतात, "जराखा वर, जराखा वर." बायकोनं दोन हजाराचं ऐकलं तेव्हा म्हणाली दीडपर्यंत आला असता तो. म्हंटलं ना मी.

मागच्या आठवड्यात त्या स्टॉलवाल्या पोराचा व्हॉट्सॲप आला. माझा नंबर त्याच्या लिस्टमध्ये राहिलाच असणार. धुळ्याला प्रदर्शन लागलंय, नवीन मॉडेल, खाली लिहिलेलं, "सर नुसतं बसायला या." मी बराच वेळ तो मेसेज बघत होतो. मग विचारलं, त्या महिन्यात तुझं इन्सेंटिव्ह बसलं का रे?

म्हणाला, "नाही सर. पण जानेवारीत दोन पीस गेले. एक डॉक्टरकडे."